कर्जावरचा फुकट सल्ला

संस्थान विलीन झाल्यावर पेन्शनीत निघालेला एक म्हातारा कारकून दर रविवारी आमच्या तालमीच्या कट्ट्यावर बसून कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला द्यायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, मीही नाही. कानावरची पेन्सिल काढून तो आधी जिभेला लावायचा आणि मगच म्हणायचा, "बोला, कुणाकुणाचं देणं हाय?"

मी शाळामास्तर. माझ्या देण्यांनी कागदाची एक बाजू भरली, महिन्याच्या खर्चानं दुसरी. त्यानं कुस्तीचं तिकीट खोडलं, पान-तंबाखू खोडली, आणि वाण्याला दरमहा किती द्यायचे ते लिहून दिलं. फी विचारली तर म्हणाला, "घेत न्हाय."

एवढे उपकार नुसत्या नमस्कारावर फेडायचे, ही काय कोल्हापूरची रीत झाली? दुपारी त्याला आग्रहानं घरी नेलं. तांबडा रस्सा त्यानं तीनदा वाढून घेतला. हात धुऊन म्हणाला, "मास्तर, मटण रोखीनं आणलं का उधारीवर?"

मी पानाचं तबक पुढं केलं.

त्यानं माझा कागद मागून घेतला, पेन्सिल जिभेला लावली आणि वाण्याच्या खाली खाटकाचं नाव लिहिलं.

"माझ्याकडं आलेला हरेक माणूस ह्येच करतोय," पान लावत तो म्हणाला. "म्हणून तर माझी पेन्शन म्हैनाभर पुरती की."