सरांची पाळलेली बुरशी

त्या साली आमच्या झेंडूच्या रानात मी, माझी सून शालन आन् वरच्या सोसायटीतले कॉलेजातनं रिटायर झालेले सर, एवढीच माणसं व्हतो. सरांसारखं येडं माणूस अख्ख्या धायरीत झालं न्हाई. लोक कुत्री पाळत्यात, पोपट पाळत्यात. सरांनी बुरशी पाळली व्हती. तिच्यासाठी ताजा भात शिजवून डब्यात ठेवायचे, आन् तो हिरवागार झाला की नातवाला पहिला दात आल्यागत हरखायचे. त्यांची बायको म्हणायची, "मला कालचा भात, आणि हिला ताजा!"

आमचं बाकीचं रान रस्त्यात आन् इमारतींत गेलं. माझे मालक वारले, तवा एवढाच तुकडा ऱ्हायला. त्या साली झेंडूला मर लागली. उभी झाडं माना टाकायची. लेक म्हणला, "आई, हे पीक गेलं की जागा बिल्डरला देऊन टाकू." रडून झाडं उठत न्हाईत.

सर मातीत गुडघे टेकून मुळं हुंगायचे. म्हणाले, "अहो आजी, मातीतली वाईट बुरशी मुळं खातेय. आमची हिरवी तिला विळखा घालते आणि तिलाच खाते."

"म्हंजी भावकीच की," मी म्हणलं.

सर एवढे हसले, चष्मा सरीत पडला.

हिरवा भात शेणखतात कालवून त्यांनी अर्ध्या रानात बुडख्यांशी घातला. पर मला धीर निघंना. दुसऱ्या दिशी त्याच्यावरच बुरशी मारायचं मोरचुदाचं निळं पाणी ओतलं. दोन औषधं, दुप्पट गुण, अशी माझी अक्कल. त्यात सरांची बुरशीच मेली. निळी माती त्यांनी चिमटीत धरून बघितली.

"आजी, पाहुण्याला जेवायला बोलावून आपण दारात कुत्रं सोडलंत."

त्या दिशी चहासुदिक घेतला न्हाई. शालन म्हणली, "सुतक धरलं वाटतं."

आठ दिसांनी मात्र आपणहून डबा घेऊन आले. निळं पाणी पडलं नव्हतं त्या सऱ्यांत भात घातला, रोज येऊन झाडांना "कसं काय?" विचारलं. निळ्या सऱ्या गेल्या त्या गेल्या. ह्या तगल्या.

कळ्या धरल्या आन् सरांची छाती दुखायला लागली. त्यांचा मुलगा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. फुलं त्यांनी बघितलीच न्हाईत. लेक आता जागा द्यायचं नाव काढत न्हाई.

मला त्यांचा पत्ता ठावं न्हाई. वाचणाऱ्यांपैकी कुणाला भेटले, तर एवढं सांगा: झेंडू फुलला.