विमानातली माणसं

‘पॅलेस्टाईन समजल्याशिवाय पोलादपूर समजणार नाही,’ असं सर म्हणायचे आणि चहाचा कप टेबलाच्या मध्यावर सरकवायचे. कप म्हणजे जेरुसलेम. माझा चष्मा जॉर्डन. बशी लेबनॉन; तीत बिस्किट असलं तर आधी ते खाऊन टाकत. पोलादपूर मात्र टेबलावर कधी आलं नाही.

महाडच्या एस.टी. स्टँडवर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. पांढरा सदरा, काखेत छत्री, गाडीची घाई नसलेला एकमेव प्रवासी. पोलादपूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दर आठवड्याला ते आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत येत. त्यांना हयातीत एक लेख छापून हवा होता : पॅलेस्टाईनमधल्या एका डाव्या सशस्त्र संघटनेचा परिचय. मुंबईत कॉलेजात असताना भिंतीवरच्या एका पोस्टरवरून त्यांना तिचं वेड लागलं होतं. गाझाच्या बातम्या रोज मोबाइलवर यायला लागल्या, तसं ते पुन्हा उसळलं.

संघटनेचं नाव इथे देत नाही. सरांनीही ते दर पानावर वेगळं लिहिलं होतं आणि शेवटी नुसतं ‘आघाडी’ ठेवलं होतं. त्यावरून आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या तात्यांनी विचारलं, ‘‘सर, ही आघाडी नगरपालिका लढवते का हो?’’

‘‘अहो, मार्क्सवादी आघाडी आहे ती! स्थापन झाली आणि लगेच फुटली.’’

‘‘मग आपल्याकडचीच म्हणायची,’’ तात्या म्हणाले आणि टाइप करू लागले.

छापण्याआधी लेख एकदा मोठ्याने वाचायचा, हा सरांचा हट्ट. म्हणून मी पोलादपूरला गेलो. पडवीत सरांच्या पत्नी, काकू, भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांचं माहेर वर आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीत. सर उभे राहून वाचत होते. गावं सोडून निघालेली माणसं, छावण्यांतले तंबू, मग संघटना, मग विमानांची अपहरणं. तिथे त्यांचा आवाज चढला.

‘‘आवो, त्या इमानातली मानसं कोन व्हती?’’ काकूंनी विचारलं.

‘‘प्रवासी.’’

‘‘त्ये कळला. पन कोन व्हती? त्यांनी काय केलंला?’’

‘‘हे मुळातून समजून घ्यायला हवं. ज्यांची घरं गेली—’’

‘‘घरं गेली ह्ये वाईटच. पन ती इमानात बसलेल्यांनी न्हेली काय? आमचा भाऊस कुवेतला इमानानंच जातो.’’

काकूंनी वालाचं आणखी एक साल काढलं. सरांनी माझ्या हातातली लेखाची प्रत मागून घेतली.

मग बरेच आठवडे ते आले नाहीत. आले तेव्हा कप सरकवला नाही. चहा प्यायले. म्हणाले, ‘‘घरं गेलेली माणसं आणि विमानातली माणसं एका लेखात बसत नाहीत हो.’’

‘‘जागा वाढवून देऊ.’’

‘‘जागेचा प्रश्न नाही,’’ सर म्हणाले. माझा चष्मा टेबलावरच होता. त्यांनी तो उचलून, पुसून माझ्या हातात दिला.

त्या पावसाळ्यात ते गेले. दिवसकार्य झाल्यावर काकू स्वतः एस.टी.ने महाडला आल्या. पिशवीतून लेख काढून टेबलावर ठेवला.

‘‘दोनी बसवलीत म्हनाले. बगा नीट बसलीत काय.’’

मी वाचला. नीट बसली नव्हती. तंबूतून विमानात जाताना वाक्य अडखळत होतं, विमानातून तंबूत परतताना जास्तच. मी एक शब्द बदलला नाही.

लेख पूर्ण पानभर छापला. अंक पोलादपुरात दुपारपर्यंत संपला, असं साप्ताहिकाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. तिथल्या स्टँडसमोरच्या चहावाल्याने तर ते पान भिंतीला चिकटवलं होतं, आणि माणसं वाकून वाचत होती.

लेखाखाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे आम्ही दरड कोसळल्याने आंबेनळी घाट बंद असल्याची सूचना टाकली होती.