वाव्राचं घर

कोरिन हेडलंडचं घर विकायला काढून दोन हिवाळे उलटले, पण गिऱ्हाईक म्हणून कोणी फिरकेल तर शपथ. म्हणून डेन्व्हरचं एक जोडपं घर बघायला येतंय म्हटल्यावर मी खसखशीचे कोलाचे, आमचे गोड पाव, भाजले, तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढला आणि तिला बजावलं, "हे बघ बाई, आज तोंडाला कुलूप. काही विचारलंच तर 'वाईट नाही' एवढंच म्हण. नेब्रास्कात याहून जास्त कौतुक कोणी करतही नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे काय ते मला शेजारात राहून चांगलं माहीत आहे. करायचं तेच ती करणार.

सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटलेला, आणि तरी गावची अँब्युलन्स हीच चालवायची. बिनपगारी. ताट वाढलं की पेजर वाजलाच म्हणून समजा. तिची मुलगी टूसॉनहून रोज फोन करायची, आई, ये गं उन्हात, बस जरा निवांत. पण घर विकल्याशिवाय जाणार कशी? विकलं तर सुटली, नाहीतर एक दिवस त्या गाडीच्या स्टिअरिंगवरच मान टाकणार. मला तर तिच्याकडे बघूनच थकवा यायचा.

ती आणि तिचा नवरा वेस सिॲटलहून आले तेव्हा दोघंही तरणीताठी होती. मोठं आभाळ, स्वस्त घर, शांतता, यावर भुलले. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्याकडे तर मेला डोंगरही नाही.

पहिल्याच शरदात वेस अंगणात लाकडं फोडताना कोसळला. कोरिनने फोन केला, नाव सांगितलं, रस्त्याचा नंबर सांगितला. अँब्युलन्सवरचे आमचे बाप्ये एकमेकांकडे बघत राहिले. "हेडलंड? कोण गं बाई हे हेडलंड?" नंबराची पाटी बर्फ काढणाऱ्या गाडीने केव्हाच उडवलेली. आणि नंबर बघतो कोण? आमच्याकडे घराला नाव असतं ते राहणाऱ्याचं नाही, सोडून गेलेल्याचं. तिचं घर वाव्राचं. म्हातारा वाव्रा जाऊन कैक वर्षं झाली होती, पण घर वाव्राचंच. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गाडी ओढ्याच्या भलत्याच अंगाला जाऊन परत आली, तोवर वेस गार पडला होता.

मग आम्ही काय केलं? आम्ही नेहमी करतो तेच. कोणी काही बोललं नाही. खिमा-बटाट्याची कॅसरोलं घेऊन गेलो. तिच्या ओट्यावर ठेवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या महिन्यात ती अँब्युलन्सच्या शेडपाशी येऊन उभी राहिली. "मला शिकवा," म्हणाली. गाडी शिकली, आणि गाडीआधी नावं शिकली. कोण मेलं, कोण गेलं, कुठलं घर कोणाचं. अँब्युलन्सवरच्या आमच्या ऑर्व्हिलपेक्षा तिला जास्त ठाऊक, आणि तो इथे जन्मलेला. तिच्या घराला मात्र सगळे वाव्राचंच म्हणत राहिले. "मी काय गं, वाव्राची भाडेकरू," असं हसून म्हणायची. हसायची, पण मला ते ऐकवत नसे.

तर ते जोडपं आलं. नोलन आणि शेल्बी. पोरीचं पोट चांगलं दिसत होतं. कोलाचे खाल्ले, खिडकीतून आभाळ बघून झालं, आणि पोरीने विचारलं, "इथे कसं वाटतं हो?"

मी पटकन म्हटलं, "वाईट नाही!"

कोरिनने कप खाली ठेवला. "बाळंतपणाचा वॉर्ड बंद झालाय. आता तासाभराच्या वाटेवर जावं लागतं, तेही बर्फ नसेल तर. विहिरीचं पाणी बाळाला द्यायचं नाही, शेतातलं खत उतरतं त्यात. दक्षिणेचा वारा सुटला की डुकरांच्या शेडचा वास उशीपर्यंत येतो. आणि वारा सुटतोच."

मी टेबलाखालून लाथ मारली. ती थांबते कसली!

"लोक चांगले आहेत. जेवण आणून देतील. पण मनातलं सांगणार नाहीत, तुझंही विचारणार नाहीत. आणि फोन करायची वेळ आली तर तुझं नाव सांगू नकोस, पोरी. वाव्राचं घर म्हण. पाठ कर. तुझं नाव इथे कोणाला माहीत नसतं."

पोरगी पांढरी पडली. नोलनने मोटारीची किल्ली चाचपली. पाच मिनिटांत दोघं गेलेसुद्धा.

"हात दाखवून अवलक्षण!" मी कडाडले. "आता बस इथेच कुजत!"

"वेसच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं, व्हर्ना," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली. मी टॉवेल घेतला आणि कप पुसले.

आठवड्याने नोलनचा फोन आला. घर घेतो म्हणाला. दुसरीकडे कुठे परवडतच नव्हतं बिचाऱ्यांना. नाताळाआधी कोरिन निघाली. आमच्याकडे निरोप घ्यायला दारातच तास जातो. तिने मात्र मांडीवर हात मारला, "चला तर मग" म्हणाली आणि गाडीत बसली. अँब्युलन्सची किल्ली माझ्या गळ्यात. माझेही गुडघे काही नवे नाहीत.

फेब्रुवारीत, भर दुपारी, वाऱ्याने बर्फ आडवा उडत असताना पेजर बोलला, "बाळंतपण. हेडलंडचं घर. लवकर."

मी एक बूट हातात धरून तशीच उभी राहिले. मग ऑर्व्हिल ओरडला, "अगं चल! कोरिनचं घर!" आणि आम्ही सुटलो.

धान्याच्या कोठाराजवळ, गाडीतच मुलगी झाली. दोघी ठणठणीत. शेल्बी दमून हसत म्हणाली, "मी तर वाव्राच सांगितलं होतं हो. फोनवरचा माणूस म्हणाला, म्हणजे हेडलंडचं ना?"

घरी येऊन मी टूसॉनला फोन लावला. सगळं सांगितलं.

"कोरिन? अगं आहेस ना?"

"मेल्यांनो," ती म्हणाली, "मी जाईपर्यंत थांबलात होय!"

मी हसले. ती नाही हसली.

"हेडलंड म्हटल्यावर गाडी सरळ आली?"

"सरळ. कोणी विचारलंसुद्धा नाही."

वेस गेला तेव्हाही मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. मी फोन कानाला धरून बसून राहिले. तिचं रडणं संपेपर्यंत ठेवला नाही.