मिरवणुकीत सर्वांत मागे चालणारे अण्णा

प्रथम संपादक मंडळाची माफी मागतो. हा लेख गणपतीपूर्वी द्यायचा होता, आता दिवाळी तोंडावर आली. ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी हा अंक निघत आहे, त्या श्री. तुकाराम घाडी, म्हणजे आपल्या सर्वांच्या अण्णांबद्दल माझ्या मनात एक शंका होती. शंका पोटात ठेवून गौरव लिहिणे मला जमेना. माझे शिक्षण चौथीपर्यंत, शब्द थोडे. ते तरी खरे असावेत.

अण्णांची पहिली ओळख जोगेश्वरीला आमच्या चाळीसमोरच्या मैदानात झाली. मी गिरणीत नवीन लागलो होतो. अण्णा जुने कामगार, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गणेशमंडळाच्या पोरांना लेझीम शिकवीत. माझे पाऊल दर वेळी चुके. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, "मेस्त्री, पाय तुजेच आसत मां? मगे घाबारतंस कित्याक?" त्या दिवसापासून पाऊल बरोबर पडू लागले, निदान अण्णा समोर असले की.

विसर्जनाच्या मिरवणुकीत अण्णांची एक रीत होती. बाकी मंडळांचे पुढारी हार घालून पुढे चालत. आमचे अण्णा सर्वांच्या शेवटी. विचारले तर म्हणत, "पुढचे चालतातच. मागे कोण रवता, ता बघूक व्हया." एका वर्षी माझ्या सौ.ला उपासाने घेरी आली. मी पुढे लेझमीत, मला पत्ताच नाही. अण्णा तिच्याजवळ रस्त्याच्या कडेला बसले, लिंबूपाणी पाजले आणि हळूहळू चालवत तिला घरी आणले. त्या वर्षी त्यांना विसर्जन दिसले नाही.

आता शंकेचे सांगतो. गिरण्यांचा संप फिसकटल्यावर अण्णांचे चिरंजीव प्रकाश यांनी त्यांना अमेरिकेला, सॅन फ्रान्सिस्कोला बोलावून घेतले. परत आल्यावर मंडळाच्या खोलीत चहा घेताना अण्णा म्हणाले, "थंय पण मी मोर्चात चल्लंय."

आम्ही सगळे संपातली माणसे. लगेच कान टवकारले.

"कुठली युनियन, अण्णा?"

"मागण्या काय होत्या? मान्य झाल्या का?"

अण्णा हसले. मग त्यांनी सरळ सांगितले. तो मोर्चा पुरुषांबरोबर संसार करणाऱ्या पुरुषांचा आणि बायकांबरोबर संसार करणाऱ्या बायकांचा होता. दर वर्षी निघतो, वाजतगाजत. प्रकाश त्यांच्यातलेच. त्यांच्या घरातले डेव्हिड, ज्यांना आम्ही भाडेकरू समजत होतो, ते त्यांचे जोडीदार. "मागणी एकच," अण्णा म्हणाले, "आमका आमच्या घरात घेवा."

कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटले, "म्हातारपणी अण्णांची वाट लागली, यार."

मला वाटले, भोळ्या माणसाला कोणीतरी फसवून नेले. त्यात त्या नवीन रोगाच्या, एड्सच्या, बातम्या पेपरात येत होत्या. माझी झोप उडाली. शेवटी जोगेश्वरीच्या गुंफेच्या रस्त्यावर अण्णांना एकटे गाठले.

"अण्णा, खरं सांगा. तुम्हाला फसवून नेलं ना?"

"माका कोण फसवतलो? प्रकाश, माझो झील, चल्लो, म्हणान बापूस चल्लो."

"लोक शिव्या घालत नव्हते?"

"घालीत हुते थोडे. संपात आमका काय कमी घातल्यानी?"

"पुढे होतात की मागे?"

"मागेच. एक आजारी पोरगो मागे रवलेलो. धाप लागा त्येका. आवस-बापूस कोण येवक नाय त्येचे. मगे त्येचो हात मी धरलंय."

"तोच रोग?"

"तोच. हात धरल्यान काय होणा नाय, डॉक्टरान सांगल्यान."

त्यानंतरच्या आरतीला अण्णांनी प्रसाद पुढे केला. मी घेतला, पण जरा थांबून. अण्णांनी ते पाहिले.

सत्कारासाठी कमिटीने सजवलेली जीप ठरवली आहे. मैदानापासून हॉलपर्यंत अण्णा तीत बसून येणार. प्रकाश आणि डेव्हिड दोघेही येतो म्हणतात. कमिटीचा निरोप मीच घेऊन गेलो होतो, की प्रकाश एकट्यांनी यावे, लोक बोलतील. अण्णांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "मेस्त्री, जीप दुसऱ्या कोणाक देवा. मी त्या दोघांवांगडा मागसून चलत येतंय. ते दोघे नसले, तर मी पण नाय. शाल तुमच्याकडेच ठेवा."

शंका सगळी गेली असे मी म्हणणार नाही. दोन पुरुष संसार कसा करतात, डेव्हिड यांच्याशी काय बोलायचे, कोणत्या भाषेत, शेजारी काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात फिरतेच. त्या मोर्चावर माझा अजून भरवसा नाही. अण्णांवर आहे. ते मागे होते म्हणून आम्ही पुढे इतकी वर्षे बिनघोर नाचलो. सत्काराच्या दिवशी त्यांच्या मागे कोणीतरी असावे, म्हणून मी जीपपुढे न चालता त्यांच्या मागून चालणार आहे.

अण्णांच्या गुडघ्यांना बळ मिळो, छाती साफ राहो, आणि शंभरीच्या मिरवणुकीतही मागे वळून पाहिले की तेच दिसोत, ही ईश्वरचरणी प्रार्थना.

कमिटीला एक विनंती. पुढचा मजकूर छापताना गाळला तरी चालेल. त्या दिवशी दुपारचे जेवण आमच्याकडे करायचे, असे सौ.ने परस्पर ठरवून टाकले आहे. डेव्हिड यांना तिखट चालते का, असे ती रोज विचारते. मी काय सांगू? दोघांना बोलावले की नाही, एवढे कृपा करून लवकर कळवा.