कबड्डीच्या दिव्यांखाली निवडलेला कॅमेरा

इरा, कबीर,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर इराने स्क्रीनवर दोन कॅमेरे दाखवले. शाळेच्या आइस हॉकी टीमचे फोटो काढायचे आहेत, यातली कोणती बॉडी घेऊ, असं तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुमचे बाबा म्हणाले, "आजीला काय विचारतेस? रिव्ह्यू बघ." पण आपल्या शहापूरच्या स्टुडिओसाठी मी बॉडी कशी निवडली, हे तुमच्या बाबांना धड माहीत नाही. तुम्हाला तरी असावं, म्हणून लगेच लिहायला बसले.

बॉडी म्हणजे लेन्स न लावलेला कॅमेरा. लेन्स बदलता येतात. बॉडी एकदा घेतली की वर्षानुवर्षं तिच्याशीच संसार.

आजोबा गेल्यानंतर स्टुडिओ मी आणि माझा पुतण्या, म्हणजे तुमचा नितीनकाका, चालवत होतो. पासपोर्ट फोटो लोक मोबाइलवर काढू लागले होते. लग्नाची कामं कल्याणच्या मोठ्या टीम घेऊन जायच्या. शेजारचा मोबाइलवाला येता-जाता हसत विचारायचा, "काकी, गाळा कधी सोडताय?" त्याने आतली मापंही घेऊन ठेवली होती.

अशात हरिभाऊ आले. मुरबाडच्या कबड्डी स्पर्धेच्या कमिटीचे ते अध्यक्ष, आजोबांचे जुने मित्र.

"वहिनी, यंदा मुलींचे सामने पण संध्याकाळी, लाइटखाली," ते म्हणाले. "आजवर दुपारच्या उन्हात उरकायचो, बघायला कुत्रं नसायचं. आणि मोठा पडदा लावतोय. चढाई झाली की फोटो पडद्यावर."

"येईल," मी म्हटलं.

"बघा हां. गेल्या साली ज्याला काम दिलं, त्याच्या फोटोत पोरं कुठली आणि माती कुठली, कळत नव्हतं. आमचा भाचा म्हणतो, कल्याणचा एक जण भारी आहे. पहिल्या दिवशी दोघं काढा. ज्याचे फोटो बरे, त्याला पुढची सगळी स्पर्धा. दर वर्षीची."

ते गेल्यावर नितीन म्हणाला, "काकी, आपल्या कॅमेऱ्याने नाय जमणार."

तो बरोबर होता. आमची बॉडी लग्नाची होती, आणि नवरी पळत नाही. कबड्डीत खेळाडू श्वास रोखून समोरच्या अंगणात शिरते, कुणाला तरी शिवते आणि पकडायच्या आत परत फिरते. तिथे फ्लॅश चालत नाही, कारण चढाई करणारीचे डोळे दिपतात. म्हणजे कमी प्रकाशात, एका सेकंदात बरेच फोटो काढणारी आणि लाल मातीची धूळ सोसणारी बॉडी हवी होती. आमच्याजवळ एका बॉडीपुरतेच पैसे होते. निवड चुकली असती तर हरिभाऊंचं काम गेलं असतं, आणि त्यामागोमाग गाळा.

कल्याणच्या दुकानात सेल्समनने दोन बॉड्या काउंटरवर ठेवल्या. एक नवी, हलकी. बोट दाबलं की आवाज न करता धडाधड फोटो. तिच्यातून त्याने छताच्या फिरत्या पंख्याचे फोटो काढून दाखवले. एकेक पातं स्वच्छ. नितीनचे डोळे चमकले. दुसरी जुन्या मॉडेलची, जड, मेगापिक्सेल कमी, वेगही कमी. फोटो काढताना शिलाई मशीनसारखी वाजायची.

"मॅडम, स्पोर्ट्ससाठी स्पीड लागतो," सेल्समन म्हणाला.

"मला या दोन्ही एका संध्याकाळसाठी मुरबाडला न्यायच्या आहेत."

"बॉडी दुकानाबाहेर जात नाही, मॅडम."

"मग पंख्याची मॅच असेल तेव्हा येऊ," मी म्हटलं.

नितीन रस्ताभर फुरंगटून बसला होता. पण लग्नाच्या फोटोग्राफरांना बॉड्या भाड्याने देणारा एक जण आमच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून दोन्ही आणल्या. दोन्हींची मॅन्युअल मी पहिल्या पानापासून वाचली.

"काकी, मॅन्युअल कोण वाचतं?"

"मी वाचते. तू बॅटऱ्या चार्ज कर."

मंडपवाला ज्या दिवशी मैदानावर दिवे लावून बघणार होता, त्या संध्याकाळी आम्ही मुरबाडला गेलो. पाइपांच्या उंच चौकटींवर एलईडीचे झोत, मागे जनरेटर. सापगावकडच्या मुलींचा एक संघ सरावाला आला होता. त्यांना म्हटलं, तुम्ही खेळा, आमच्याकडे बघू नका. नितीनने आधी नव्या बॉडीने फोटो काढले, मग जड बॉडीने. मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

नव्या बॉडीच्या प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे होते. मुलींच्या अंगावर, मातीवर, मागच्या भिंतीवर.

"दिवेच भिकार आहेत," नितीन म्हणाला.

"असतील. पण सामने याच दिव्यांखाली आहेत."

असे पट्टे का येतात, ते समजून घ्या. मंडपाचे असले दिवे सतत जळताहेत असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यांचा उजेड भराभर कमी-जास्त होत असतो, डोळ्याला ते कळत नाही. आवाज न करणारी ती बॉडी चित्र एका झटक्यात टिपत नव्हती, वरून खाली एकेक ओळ वाचत होती. उजेड कमी असताना वाचलेल्या ओळी काळ्या. जड बॉडीत खराखुरा पडदा, म्हणजे शटर, उघडमीट करायचा, म्हणून तर ती वाजायची. शिवाय तिच्या मॅन्युअलमध्ये मला एक सेटिंग सापडलं होतं. ते चालू केलं की दिव्याचा उजेड सर्वांत जास्त असेल त्याच क्षणी बॉडी फोटो घेते. तेवढ्यासाठी ती किंचित थांबते. तिच्या एकाही फोटोत पट्टा नव्हता.

नव्या बॉडीतही तसा पडदा होता. तो वापरून पाहिला. तिचा सगळा वेग तिथेच संपला आणि कमी उजेडात चेहरे खरखरीत दिसू लागले. नितीनने दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"जडवालीच घेऊ," तो म्हणाला. "पण गळ्यात तुमी अडकवा."

स्पर्धेच्या पहिल्या संध्याकाळी मैदानाच्या एका बाजूला, ती जड बॉडी शेवटी स्वतःच्याच गळ्यात अडकवून, नितीन, दुसऱ्या बाजूला कल्याणचा तो मुलगा. मी पडद्याजवळ लॅपटॉप घेऊन खुर्चीवर. आधी त्या मुलाचा फोटो लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, पोरींच्या अंगावर पट्टे आले रे." दुसरा म्हणाला, "वाघिणी हायेत आमच्या, दिसनारच." सगळं मैदान हसलं. हरिभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सापगावकडच्या संघातली मयूरी चढाईला गेली होती. परत फिरताना तिघींनी तिला पकडलं. कमरेला मिठी, पायाला मिठी, आणि ती त्या तिघींना ओढत मध्यरेषेकडे. पंचांनी गुण दिले. नितीनचं कार्ड माझ्या हातात आलं. एकाच चढाईचे फोटो ओळीने होते. एकात तिचा चेहरा छान वर आला होता. कार्ड पाठवण्याआधी नितीनने कॅमेऱ्यातच त्या फोटोवर खूण करून ठेवली होती. मी त्याच्या पुढचा घेतला. त्यात चेहरा अर्धा केसांखाली होता, पण बोटांची टोकं फक्कीने आखलेल्या मध्यरेषेपलीकडे टेकली होती आणि नखांपाशी उडालेला मातीचा कणन् कण दिसत होता.

पडद्यावर तो फोटो आला आणि बायकांच्या बाजूने पहिली शिट्टी वाजली.

सामना संपल्यावर मयूरी गुडघ्याची माती झटकत आली. "काकी, तो फोटो माझ्या बापाला पाठवा ना. भातसानगरला धरणावर ड्यूटी हाय त्यांची, बघायला नाय आले."

पाठवला. हरिभाऊ मागे उभे होते. "उद्या टायमावर या, वहिनी," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ असतं.

कल्याणचा मुलगा सामान आवरत होता. त्याने येऊन विचारलं, "मॅडम, तुमच्या फोटोत पट्टे कसे नाहीत?" मी त्याला त्याच्याच कॅमेऱ्यात मेनू उघडून खरा पडदा कुठे चालू होतो ते दाखवलं. हे लपवून ठेवण्यासारखं नव्हतं. मॅन्युअलमध्ये छापलेलंच होतं.

ते काम तेव्हापासून दर वर्षी आपल्याकडे आहे. पाठोपाठ शाळांच्या क्रीडास्पर्धा आल्या, टेनिस बॉल क्रिकेटही आलं. मोबाइलवाल्याने समोरच्या ओळीत दुसरा गाळा घेतला. त्याच्या उद्घाटनाचे फोटो आपणच काढले.

तेव्हा इरा, यातली कोणती घे, हे मी इथून सांगणार नाही. तुमच्या त्या बर्फाच्या रिंकवर कसले दिवे आहेत, ते मला माहीत नाही. दोन्ही बॉड्या एका दिवसासाठी भाड्याने आण, त्या दिव्यांखाली उभी राहा आणि फोटो मोठे करून बघ. दुकानातल्या उजेडात सगळेच कॅमेरे चांगले असतात. आणि बाबांना सांग, रिव्ह्यू लिहिणारा तुझ्या रिंकवर येणार नाहीये.

आपली ती जड बॉडी अजून चालू आहे. पकडीचं रबर नितीनने एकदा बदललंय, आणि बटणांच्या फटीत मुरबाडची लाल माती आहे, ती ब्रशने निघत नाही. आणि स्टुडिओच्या पाटीवर अजून आजोबांचंच नाव आहे.