टकलावर वाजलेले चमचे

रशियातल्या आमच्या पेत्रोझावोद्स्कच्या लोकवाद्यवृंदात ग्लाफिरा रेमशुयेवा चमचे वाजवायची. लाकडी चमचे. दोन एका हातात, एक दुसऱ्यात. गुडघ्यावर, खांद्यावर, कोपरावर ती ते असे काही बडवायची की पुढच्या रांगेतल्या लोकांचे पाय आपोआप हलायचे. मी शेजारी बसून दोमराच्या तारा छेडायचे, पण माझ्याकडे बघतंय कोण! ग्लाफिरा म्हणजे पन्नाशी उलटलेली, दणकट बांध्याची, विधवा बाई, सगळ्यांची ग्लाशा.

१९९३ च्या उन्हाळ्यात आम्हाला सीमेपलीकडच्या फिनलंडहून बोलावणं आलं. तिथल्या 'खारट काकड्या' नावाच्या चेष्टेखोर रॉक बँडला आमच्याबरोबर कुओपिओच्या बाजारचौकात जाहीर कार्यक्रम करायचा होता आणि त्याचा सिनेमा काढायचा होता. पाच बाप्ये. कमरेला फुलाफुलांचे एप्रन, पायांत गमबूट आणि डोक्यावर वाफेच्या न्हाणीत घालतात तसल्या जाड लोकरी टोप्या, पण हातभर उंच.

आमचे संचालक अर्काडी ल्वोविच त्यांना बघून पांढरेफटक पडले.

"मी संगीत महाविद्यालयात सुवर्णपदक घेतलंय," ते म्हणाले, "आणि आता ह्या मिरच्यांबरोबर वाजवू?"

"काकड्या, अर्काडी ल्वोविच," ग्लाशाने दुरुस्त केलं.

तालमीच्या दिवशी दुभाष्याची दाढ सुजली आणि तो गाल धरून डॉक्टरकडे पळाला. इकडे आम्ही, तिकडे ते, मधे नुसतं माना हलवणं. शेवटी त्यांचा गायक पेंटी काहीतरी बोलला, आणि ग्लाशा खुदकन हसली.

"तुला कळलं?" मी विचारलं.

ती लाजली. "थोडंसं. यांचं फिनिश आमच्या गावाकडच्या करेलियन बोलीसारखंच आहे गं."

वीस वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं की तिला करेलियन येतं! शाळेत रशियनच बोलायची सक्ती; बाईंनी एकदा त्या भाषेपायी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. तेव्हापासून ती घराबाहेर त्यातला एक शब्द बोलली नव्हती.

अर्काडी ल्वोविचना म्हणजे बुडत्याला ओंडकाच मिळाला. "त्यांना सांग, दुसऱ्या कडव्यात कृपया थोडा संयम राखा."

पण ग्लाशाची करेलियन होती गोठ्यातली, चुलीपुढची. संयमाला त्यात शब्द कुठला? तिने जरा विचार केला आणि दणक्यात काहीतरी सांगितलं. पाचही जण पोट धरून खाली बसले.

"काय सांगितलंस तू?"

"म्हटलं, दुभती गाय बिचकेल असे आत घुसू नका."

पेंटी डोळे पुसत तिच्यापुढे आला. "मावशी, माझी आजी अगदी अशीच ओरडायची आम्हाला! अजून बोला ना!"

मग काय विचारता. ग्लाशाने पिशवीतून घरी भाजलेल्या, राय धान्याच्या पिठाच्या कालित्का, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पोळ्या, काढल्या आणि त्या पाचजणांनी लोण्यासकट फस्त केल्या. अर्काडी ल्वोविच एक वाक्य बोलत, ग्लाशा पाच वाक्यं करी.

"मी तीनच शब्द बोललो होतो!"

"बाकीचे तुमचा मान राखायला घातले."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ऊन लख्ख होतं आणि चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तळ्यावरून वारा सुटला होता. आमच्या बालालायका आणि त्यांच्या गिटारी एकमेकांच्या मागे लागल्यासारख्या धावत होत्या. शेवटच्या गाण्यात पेंटी नाचत नाचत ग्लाशापुढे आला आणि गुडघ्यांवर बसला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. त्याची टोपी उडाली, हवेत एक गिरकी घेतली आणि थेट अर्काडी ल्वोविचच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत बसली!

त्यांचे हात थांबले. वृंद गडबडला. ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे. मी तर वाजवायचंच सोडलं. आणि ग्लाशासमोर पेंटीचं टक्कल. घामाने चकाकणारं, गोल, गुळगुळीत.

"हलू नकोस रे, वासरा!" ती करेलियनमध्ये माइकवर गरजली, आणि तिने ताल धरला. त्या डोक्यावर! टकाटक, टकाटक, मग खांद्यावर, कानापाशी हलकेच, की परत टकलावर. पेंटी डोळे मिटून गातच राहिला. ड्रमवाल्याने तो ताल पकडला, मग गिटारी आल्या, मग आम्ही. सगळा चौक टाळ्या पिटत होता. मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी, बोटं मात्र तारांवर.

अर्काडी ल्वोविचनी ओढून ओढून टोपी वर केली. आता ते ग्लाशाला घरी बसवणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी टकलाकडे बघितलं, चमच्यांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग ती टोपी नीट सरळ केली, तशीच डोक्यावर ठेवली आणि हात उचलले. गाणं पुन्हा पहिल्यापासून!

सिनेमा हिवाळ्यात आमच्या गावी लागला. ग्लाशा यायलाच तयार नव्हती. मी तिला दंडाला धरून नेलं. टकलाचा प्रसंग आला. पडद्यावर ती करेलियनमध्ये गरजली. खाली रशियन भाषांतराची अक्षरं उमटायची होती, तोच मागच्या रांगांमधून हशा फुटला. आम्ही वळून बघितलं. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या, तिथे पाच, इकडे तीन, पलीकडे एक आजोबा. त्यांना वाचायची गरजच पडली नव्हती. बाकीचं थिएटर त्यांच्यामागून हसलं.

ग्लाशाने माझा हात घट्ट धरला. "अगं, एवढे जण आहेत?"

बाहेर बर्फ पडत होता. एका म्हातारीने तिला दारातच गाठलं आणि करेलियनमध्ये फैलावर घेतलं. वासराला म्हणे असं म्हणतच नाहीत, हा कुठल्या गावचा शब्द!

"आमच्या गावचा!" ग्लाशा त्याच भाषेत, भर रस्त्यात, चढ्या आवाजात म्हणाली.

"मग तुमच्या गावाला बोलायला शिकवा!"

"तुम्ही या शिकवायला. चहा मी करते!"

आणि दोघी भांडत भांडत, एकमेकींच्या हाताला धरून, निसरड्या रस्त्याने निघाल्यासुद्धा.