खोली चारच्या खुणा

शनिवार, सकाळचे सहा चाळीस. फहाहीलमधल्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत अडुसष्ट वर्षांचे वाजिद मुकादम नोंदवही उघडून बसले होते. खेड तालुक्यातून कुवेतला आलेल्या माणसांची ही वही चाळीस वर्षं त्यांच्याच हाती आहे. कोण आलं, कोण कुठे राहिलं, कोण मेलं, सगळं तिच्यात.

समोर शलाका होती. जाब्रियातल्या एका हॉस्पिटलातली नर्स. तिचे वडील जयप्रकाश १९८८मध्ये मुसलमान होऊन अकबर झाले. वहीत त्यांची दोन नावं, दोन ओळी.

“काका, बाबा बसमध्ये चढताना तुम्ही बघितलंत?”

वाजिदनी खोली चारचं पान काढलं.

१९९०च्या युद्धात जॉर्डनकडे निघालेल्या बसची यादी त्यांनी केली होती. तेव्हाची पद्धत अशी, की खोलीतला शेवटचा माणूस किल्ली आणून देई आणि वाजिद त्या खोलीच्या सगळ्या नावांपुढे खूण करत. जयप्रकाश राहत त्या खोली चारची किल्ली त्यांच्यासोबत राहणाऱ्या रियाजने दिली. “सगळे निघाले,” म्हणाला.

बसच्या यादीत पंचेचाळीस नावं. सीमेवर मोजली तर माणसं त्रेचाळीस. एका माणसाची नावं दोन, म्हणून वाजिदनी दोन वजा केले आणि सही केली. एकच वजा करायला हवा होता; माणसं चव्वेचाळीस भरायला हवी होती.

चूक अम्मानला पोहोचल्यावर लक्षात आली. तोवर यादी गावी गेली होती. ती वजाबाकी हजारो रात्री त्यांनी पुन्हा मांडली. उत्तर दर वेळी एका माणसाने कमी पडे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

“आई रेशनकार्डावरून बाबांचं नाव कापू देत नाही,” शलाका म्हणाली. “कुणी आलं की तुमची यादी दाखवते. पोहोचलेत, म्हणते. रागावलेत, एवढंच.”

“नाय बघितलं गो,” वाजिद म्हणाले. “किल्ली बघितली.”

शलाकाने वही त्यांच्याकडे सरकवली. “मग हेच लिहून द्या. सहीसकट.”

जमातचा, म्हणजे इथल्या खेडच्या मुसलमानांच्या मंडळाचा, तरुण सेक्रेटरी फैजान दारातून आत आला. “चाचा, लिहायचंच तर अकबर लिहा. वही जमातची आहे.”

“तुझा जन्म व्हायच्या आधीची शाई आहे ही. त्याच्या बायकोला अकबर कोण ते ठाऊक नाय. बस खाली, साक्षीदार हो.”

फैजान कुरकुरत बसला. वाजिदनी दोन्ही नावांपुढच्या खुणा खोडल्या. दोन्ही नावं एका ओळीत घेऊन लिहिलं: बसमध्ये चढल्याचे कोणी पाहिले नाही. सीमेवर एक माणूस कमी होता. मोजणीची चूक माझी.

खाली तारीख, दोन सह्या.

शलाकाच्या आईला पाठवायला पानाची प्रत हवी, पण झेरॉक्सचं दुकान शनिवारी बंद असतं. उद्या, रविवारी, ते आठ वाजता उघडतं.